यंत्रांची कुस्ती आणि आपल्या घरातला फिटर

पवईच्या आय. आय. टी.मध्ये तिथले विद्यार्थी दरवर्षी ‘टेकफेस्ट’ नावाचा विज्ञान-तंत्रज्ञानाचा उत्सव भरवतात. १९९८ साली तो सुरू झाला आणि अलीकडच्या वर्षांत तो डिसेंबर महिन्यात भरतो. कांजूरमार्ग स्टेशनला उतरले की पवई दूर नाही. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंडच्या आपल्या कित्येक वस्त्यांपासून तर ते बसच्या एका तिकिटाचे अंतर आहे. पण आपल्यातली किती कुटुंबे त्या फाटकाच्या आत गेली आहेत? या उत्सवात गर्दी खेचणारा जो खेळ आहे, त्याची माहिती वाचकांना करून द्यावी म्हणून हा लेखप्रपंच. या खेळाचे नाव आहे रोबोवॉर, म्हणजे यंत्रांची कुस्ती.

कुस्तीच म्हटले पाहिजे. सभोवार जाड पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या भिंती असलेला आखाडा असतो. आत दोन यंत्रे सोडतात. त्यांचे चालक बाहेर हातात रेडिओ-रिमोट घेऊन उभे असतात. साधारणपणे तीन मिनिटांची लढत असते. एक यंत्र दुसऱ्याला ढकलते, उलथवते, नाहीतर गरगरणाऱ्या पोलादी पात्याने त्याचे चाक उडवते. ठिणग्या उडतात, धूर निघतो, पोरे बाकांवर उभी राहून ओरडतात. ज्याचे यंत्र हालचाल करीनासे होते तो हरला. दोन्ही चालू राहिली तर पंच निर्णय देतात. नुकसान कोणी जास्त केले, चाल कोणी करून घेतली, यंत्रावर ताबा कोणाचा होता, हे ते पाहतात.

हे वाचून एखादी माऊली म्हणेल, “चार महिने खपून केलेली वस्तू तीन मिनिटांत फोडायची? हे श्रीमंतांच्या पोरांचे चोचले!” तिचे म्हणणे अर्धे खरे आहे. खर्च होतो आणि वस्तू फुटते, यात वाद नाही. उरलेल्या अर्ध्याबद्दल आम्हाला बोलायचे आहे. हे यंत्र बनवायला जी विद्या लागते, तिचा मोठा भाग कॉलेजात नसून साकीनाका, मरोळ, कुर्ला, भांडुपच्या गाळ्यांमध्ये आहे, आणि तिथे काम करणारी बरीचशी माणसे आपल्या घरची आहेत.

आधी थोडा इतिहास. अमेरिकेत मार्क थॉर्प नावाचे एक गृहस्थ सिनेमासाठी यंत्रे आणि नमुने बनवण्याचे काम करीत. १९९२ साली त्यांनी घर झाडणारे रिमोटवरचे यंत्र बनवण्याचा खटाटोप केला. झाडूकाम काही नीट जमले नाही, पण त्या यंत्राला धोकादायक हत्यारे लावली तर काय मजा येईल, असा विचार त्यांच्या डोक्यात आला. १९९४च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला त्यांनी ‘रोबो वॉर्स’ची पहिली स्पर्धा भरवली. १९९८ साली बी.बी.सी.ने इंग्लंडात याच नावाचा कार्यक्रम टी.व्ही.वर सुरू केला, आणि २०००पासून अमेरिकेत ‘बॅटलबॉट्स’ टी.व्ही.वर दिसू लागले. केर काढायला निघालेले यंत्र असे आखाड्यात उतरले आणि तिथून आपल्या कॉलेजांत आले.

आणि ‘रोबो’ हा शब्द? कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२०च्या नाटकात तो पहिल्यांदा आला. शब्द सुचवला त्याचा भाऊ योसेफ याने. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर सक्तीने करावी लागणारी फुकटची राबणूक. म्हणजे वेठ. आमच्या वाचकांना वेठ म्हणजे काय हे शब्दकोश उघडून सांगण्याची गरज नाही. ज्या महार वतनाच्या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, त्याच अर्थाचा शब्द आज जगभर यंत्राच्या नावाने फिरतो आहे. खरे तर आखाड्यातले हे यंत्र स्वतःच्या बुद्धीने काही करीत नाही, सगळे रिमोटवर चालते. तेव्हा त्याला रोबो म्हणावे की नाही यावर जाणकार वाद घालतात. आपण नाव आहे तेच ठेवू.

आता यंत्राकडे वळू. आपल्याकडच्या स्पर्धांत ८, १५, ३०, ६० किलो असे वजनाचे गट आढळतात. कोणत्या स्पर्धेत कोणते गट आहेत ते त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत पाहावे, कारण नियम बदलत असतात. पंधरा किलोचे यंत्र धरू. ब्राझीलमधल्या रिओ शहरातल्या पी.यू.सी. विद्यापीठाचा ‘रिओबॉट्झ’ नावाचा संघ आहे. त्यांचे प्राध्यापक मार्को अंतोनियो मेज्जोलारो यांनी लढाऊ रोबो बनवण्यावर एक जाडजूड पुस्तक लिहून २००९ साली जगाला फुकट वाचायला दिले. आपली हार कशी झाली, कोणता भाग कुठे तुटला, सगळे त्यात उघड सांगितले आहे. पुस्तक इंग्रजीत आहे, पण चित्रे भरपूर असल्याने अकरावी-बारावीचा मुलगाही अर्थ लावू शकतो. वजनाची वाटणी कशी करावी याचा त्यात एक ठोकताळा आहे. चाके व त्यांच्या मोटरी ३० टक्के, हत्यार ३० टक्के, सांगाडा व चिलखत २५ टक्के, बॅटरी व इलेक्ट्रॉनिक्स १५ टक्के. म्हणजे पंधरा किलोत हत्याराला साडेचार किलो मिळतात, चाकांना साडेचार, सांगाड्याला पावणेचार आणि बॅटरी-वायरिंगला सव्वादोन. घरात पगार आला की भाडे, किराणा, फी अशा पुड्या बांधतो ना, तसेच. एकीकडे वाढवले की दुसरीकडे कमी करावेच लागते.

हत्यारांचे प्रकार पुष्कळ आहेत. सगळ्यात साधा प्रकार म्हणजे पाचर. पुढचा भाग जमिनीलगत उतरता केलेला, समोरच्याच्या पोटाखाली शिरायचे आणि ढकलत न्यायचे. नव्याने उतरणाऱ्यांनी पाचरच करावी असे आमचे मत आहे. तिच्यात बिघडण्यासारखे थोडे असते आणि लढतीत चालू राहणे हीच निम्मी जिंकणूक आहे. पण पोरांना पाचर आवडत नाही! त्यांना गरगरणारी चकती हवी असते. आणि ती का हवी असते हे हिशेब केला म्हणजे कळते.

तीन किलोची, चोवीस सेंटीमीटर व्यासाची भरीव पोलादी चकती घ्या. ती मिनिटाला ६००० फेरे फिरते असे धरा. तिच्या कडेचा वेग ताशी २७० किलोमीटरच्या घरात जातो. तिच्यात साठणारी ऊर्जा होते सुमारे ४२०० ज्यूल. ज्यूल म्हणजे काय ते शाळेतल्या मुलाला विचारा, तो सांगेल. आपण असे समजू, की ५० किलो तांदळाची गोणी जवळजवळ तिसऱ्या मजल्यावरून खाली पडली तर जो दणका बसेल, तेवढा दणका त्या चकतीत भरलेला असतो. फेरे दुप्पट केले तर दणका दुप्पट होत नाही, चौपट होतो. हे गणित नववी-दहावीच्या पुस्तकातलेच, फक्त तिथे ते फळ्यावर राहते.

मग फेरे वाढवतच का जाऊ नये? इथे एक गंमत आहे. मिनिटाला ६००० फेरे म्हणजे सेकंदाला १००. चकतीला दोन दात असले तर सेकंदाला २०० वेळा दात समोरून जातो. आपले यंत्र सेकंदाला दोन मीटर वेगाने पुढे सरकत असेल, तर दोन दातांच्या मधल्या वेळात ते फक्त एक सेंटीमीटर पुढे जाते. म्हणजे दात समोरच्याच्या अंगात फार तर तेवढाच शिरणार. फेरे आणखी वाढवले तर दात नुसता घासत जातो, पकड घेत नाही. म्हणून हुशार पोरे एकच दात ठेवतात आणि तोल सांभाळायला विरुद्ध बाजूला वजन देतात. एका दाताने चावा दोन सेंटीमीटरचा होतो. वरून नुसती ताकद दिसते, आतून सगळा हिशेब असतो.

उभी चकती लावलेल्या यंत्राचा आणखी एक त्रास आहे. ते झटकन वळवले की त्याची एक बाजू जमिनीवरून उचलली जाते. फिरता भोवरा बोटाने ढकलला तर सरळ पडत नाही, वेगळ्याच दिशेला झुकतो, तोच हा प्रकार. म्हणून उभ्या चकतीवाल्यांना दोन चाकांमधले अंतर जास्त ठेवावे लागते, नाहीतर चालकाने सावकाश वळायला शिकावे लागते.

चाकांचा हिशेब सोपा आहे. चांगल्या रबरी चाकांचे पंधरा किलोचे यंत्र साधारण बारा किलोचा जोर लावू शकते. त्यापुढे मोटर कितीही मोठी असो, चाके जागच्या जागी घसरतात. चार चाके असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन किलो. चाकाचा व्यास दहा सेंटीमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत पाच. तीन गुणिले पाच, पंधरा किलो-सेंटीमीटर. एवढा पीळ गिअरमधून चाकाला मिळाला की पुरे. त्याहून मोठी मोटर घेणे म्हणजे पैसे आणि वजन दोन्ही वाया घालवणे. सुरुवातीच्या वर्षांत आपल्या कॉलेजांतली पोरे मोटारगाडीच्या वायपरच्या मोटरी भंगारातून आणून लावत आणि लांब वायरीच्या टोकाला बटणांचा डबा जोडून यंत्र चालवीत. आता बिनवायरीचे रिमोट काही हजारांत मिळतात.

इथपर्यंत कागद आणि कॉम्प्युटर पुरतो. पुढे धातूला हात लावायची वेळ येते, आणि तिथे आमच्या विषयाचा गाभा आहे.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात आम्ही हा प्रसंग पाहिला. तीन विद्यार्थी कॉम्प्युटरवर काढलेले चित्र छापून घेऊन आले होते. चित्र सुबक, चारही बाजूंनी काढलेले. लेथवर काम करणारे काका चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ ते पाहत राहिले. मग त्यांनी एकच विचारले, “बाळांनो, ही चकती शाफ्टवर अडणार कशावर?” पोरे एकमेकांकडे पाहू लागली. शाफ्टला ना खांदा काढलेला, ना चावीचा गाळा. कॉम्प्युटरमध्ये चकती जिथे ठेवली तिथे राहते, खऱ्या शाफ्टवर राहत नाही. काकांचे दुसरे बोट दाताच्या मुळाशी असलेल्या कोपऱ्यावर गेले. “इथे काटकोन ठेवू नका. गोलाई द्या. काटकोनातून तडा जातो.” इंजिनिअरिंगच्या पुस्तकात या गोष्टीवर एक प्रकरण असते. ताण कोपऱ्यात एकवटतो, असे ते प्रकरण सांगते. काकांनी ते पुस्तक पाहिलेले नव्हते. त्यांनी तुटलेले शाफ्ट पाहिले होते.

अशी कितीतरी माहिती आपल्या घरांत पडून आहे. साधे लोखंड वेल्डिंगला सोपे, पण मार बसला की वाकते. ई.एन. ८ त्याहून बरे. दातासाठी ई.एन. २४ घेऊन त्याचे हार्डनिंग करावे लागते, आणि हार्डनिंगनंतर टेंपरिंग केले नाही तर दात काचेसारखा तुटतो. ई.एन. २४ ला थंड असताना सरळ वेल्डिंग मारले तर जोडाजवळ तडा जातो, त्याला आधी तापवावे लागते. ॲल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग लागते आणि तो हात सगळ्यांना नसतो. पत्रा दोन सुती घ्यावा की तीन सुती, बेअरिंग कोणते घ्यावे, नट सुटू नये म्हणून नायलॉनचा नट कुठे वापरावा, हे आपल्या घरच्या फिटरला, वेल्डरला, टर्नरला तोंडपाठ असते. त्याला कोणी विचारत नाही एवढेच. पुष्कळदा त्याचा स्वतःचा मुलगाही विचारत नाही. कॉलेजात गेल्यावर वडील काय करतात या प्रश्नाला तो “प्रायव्हेट कंपनीत आहेत” असे गुळमुळीत उत्तर देतो. बाबा रे, तुझ्या गटातल्या ज्याच्या वडिलांचे दुकान आहे त्याच्याकडे पैसे असतील, पण आर्गनची टॉर्च धरणारा बाप तुझ्याकडे आहे. लढतीच्या आदल्या रात्री सांगाडा तुटला तर दोघांपैकी कोणाचा उपयोग जास्त?

ही विद्या आता कमीही होते आहे, हे सांगितले पाहिजे. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गावर एकेकाळी कारखान्यांची रांग होती. गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्यांतले पुष्कळ बंद पडले आणि त्यांच्या जागी टॉवर आणि मॉल उभे राहिले. तिथे तयार झालेले कारागीर आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याकडून शिकायचे असेल तर फार वाट पाहून चालणार नाही.

आता एक नाजूक गोष्ट. संघात दहा-बारा मुले असतात. कामे वाटली जातात. कोणी चित्र काढतो, कोणी इलेक्ट्रॉनिक्स पाहतो, कोणी प्रायोजकांकडे जाऊन पैसे आणतो, कोणी चालक होतो. आणि ज्याला ग्राइंडर धरता येतो, त्याच्याकडे कापाकापी, घासणे, भोके पाडणे, कुर्ल्याच्या भंगारातून पत्रा उचलून आणणे हे सगळे येते. चार महिने तो तेच करतो. लढतीच्या दिवशी रिमोट दुसऱ्याच्या हातात असतो आणि रंगमंचावर बोलायला तिसराच उभा राहतो. यात कोणाचा वाईट हेतू असतोच असे नाही. ज्याला जे येते ते त्याला दिले, असे म्हटले जाते. पण आपल्याला हा प्रकार नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, तेव्हा विटाळ होईल, हे कारण पुढे केले जाई. त्या खात्यात पगार जास्त होता, हे मात्र कोणी बोलत नसे. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. कोणत्या यंत्राला कोणी हात लावायचा हे जन्मावरून ठरत होते, तो काळ आपल्या आजोबांनी पाहिला.

म्हणून आमचे विद्यार्थ्यांना सांगणे आहे की ग्राइंडर जरूर धरा, तो धरता येतो याचा अभिमान बाळगा, पण चित्र काढायलाही शिका. कॉम्प्युटरवर नमुना काढण्याची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतात. पहिल्या बैठकीतच सांगा, की सरावात रिमोट सगळ्यांनी आळीपाळीने धरायचा आणि जो सर्वांत बरा चालवेल तो चालक. हे भांडण नव्हे, ही रीत आहे. चांगल्या संघांत ती पाळली जाते, कारण तीन मिनिटांत हत्यारापेक्षा चालकाचा हात जास्त लढती जिंकतो.

मुलींच्या बाबतीत तर हे दुप्पट लागू आहे. संघात मुलगी घेतात आणि तिला वही लिहायला, रंग द्यायला, स्टिकर चिकटवायला बसवतात. अक्षर चांगले आहे म्हणे! तिच्या हाती सोल्डरिंगची कांडी द्या, ड्रिल द्या. आणि घरच्यांनीही वर्कशॉपमधून मुलीला उशीर झाला तर आधी आकांडतांडव करू नये. संघातल्या कोणाबरोबर येणार, कोणत्या गाडीने येणार, एवढे ठरवून घ्यावे. मुलगा उशिरा आला तर जेवण झाकून ठेवतो, तसे तिचेही ठेवावे.

पैशाचे काय? सरकारी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून फी भागते, रोबोचा खर्च त्यात बसत नाही. मोठ्या गटाचे यंत्र एका घराच्या कुवतीबाहेरचे असते आणि ते कोणी एकट्याने करूही नये. कॉलेज, माजी विद्यार्थी, प्रायोजक यांच्या पैशानेच ते होते. मुलगा घरी येऊन “पंधरा हजार द्या, नाहीतर संघातून काढतील” असे म्हणाला, तर आईचे मणी गहाण टाकण्याऐवजी सरळ त्या कॉलेजच्या प्राध्यापकांना जाऊन भेटा. वर्गणी न देता श्रमाने सामील होता येते का, असे विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. शिकायचेच असेल तर दीड किलोच्या आतली छोटी यंत्रे असतात. प्लास्टिकचा सांगाडा, छोट्या मोटरी, खर्च मोठ्याच्या मानाने किरकोळ, आणि विद्या तीच. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, इलेक्ट्रॉनिक्सचे सगळे सामान मिळते. बेअरिंग, नटबोल्ट, हत्यारे यांसाठी नागदेवी स्ट्रीट. दोन दुकाने फिरून भाव काढल्याशिवाय पहिल्याच दुकानात खिसा उघडू नये. शाळेत असलेल्या मुलांसाठी केंद्र सरकारने २०१६पासून अटल टिंकरिंग लॅब ही योजना चालू केली आहे. तीत सहावी ते बारावीच्या शाळांना प्रयोगशाळेसाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळते. आपल्या मुलाच्या शाळेत अशी खोली आहे का, आणि असेल तर तिचे कुलूप उघडते का, हे पालकसभेत विचारावे.

कॉलेजे आपल्या उपनगरांतही आहेत. अंधेरीत सरदार पटेल, विद्याविहारला सोमय्या, कांदिवलीला ठाकूर, बोरिवलीला सेंट फ्रान्सिस. मुलुंडला शासकीय आय.टी.आय. आहे. आय.टी.आय.च्या मुलांना आमचे खास सांगणे आहे, की विद्यार्थी-स्पर्धांत तुम्हाला प्रवेश आहे का ते नियमपुस्तिकेत पाहा. इंजिनिअरिंगच्या दारात आपण उपरे आहोत असे समजून परत फिरू नका. तुमच्या ट्रेडमध्ये जे शिकवतात त्याच्यावाचून त्यांचे एकही यंत्र उभे राहत नाही.

शेवटी धोक्याविषयी, आणि हे घरच्या सर्वांनी वाचावे. या यंत्रांत लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. वजनाने हलकी, ताकदीला जबर. एका सेलचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, आणि तो ३ व्होल्टच्या खाली कधी जाऊ द्यायचा नसतो. ती जास्त भरली, टोचली गेली, चेपली किंवा फुगली तर पेट घेते, आणि तो जाळ पाण्याच्या तांब्याने विझत नाही. आपली घरे दहा बाय बाराची. त्याच खोलीत गॅसची शेगडी, त्याच खोलीत अंथरूण, दाराला एकच कडी. अशा घरात रात्री झोपताना ही बॅटरी चार्जिंगला लावणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. बॅटरी कॉलेजच्या प्रयोगशाळेतच भरावी. घरी आणणे भागच पडले तर ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून, वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात, गॅलरीत किंवा दाराबाहेर, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. फुगलेली बॅटरी “अजून एक लढत चालेल” म्हणून वापरू नये.

तसेच हत्यार. ज्यात तिसऱ्या मजल्यावरून पडणाऱ्या गोणीचा दणका भरला आहे, ती चकती गल्लीत, गच्चीवर, शाळेच्या मैदानात फिरवून पाहायची नसते. दात सुटला तर भिंतीत घुसेल, माणसाची काय कथा. ती चाचणी बंद आखाड्यातच करायची असते. बाहेर असताना चकतीला लोखंडी अडसर घातलेला असावा आणि वीज तोडण्याची किल्ली बाहेर काढलेली असावी. ग्राइंडर चालवताना डोळ्याला चष्मा हवा आणि अंगात सैल शर्ट नको. गाळ्यात आपली माणसे चष्म्याशिवाय काम करतात हे आम्ही रोज पाहतो. मुलगा चष्मा लावून काम करू लागला तर वडिलांसाठीही एक आणायला सांगा, शे-दीडशे रुपयांत मिळतो.

आता स्पर्धेला निघण्यापूर्वीची एक बारीक सूचना. आखाड्यात उतरण्याआधी वजन-काटा असतो, आणि काट्याला दया नसते. पंधरा किलोच्या गटात यंत्र ३०० ग्रॅमने जास्त भरले की संघ ड्रिल घेऊन बसतो आणि पत्र्याला भोके पाडू लागतो. दोन सुती लोखंडी पत्र्याला दहा मिलिमीटरचे एक भोक पाडले तर जेमतेम चार ग्रॅम निघतात. ३०० ग्रॅम कमी करायला ऐंशीच्या आसपास भोके पाडावी लागतात. ॲल्युमिनियम असेल तर सव्वादोनशेच्या घरात. तेवढ्या वेळात पहिल्या लढतीचा पुकारा होतो. भोके कडेजवळ पाडली तर पत्रा तिथूनच फाटतो, तेव्हा ती मधल्या भागात, तिरप्या रांगांत पाडावी. त्यापेक्षा वर्कशॉपमधून निघतानाच वजन पाव किलो कमी ठेवावे. काटा वाण्याच्या दुकानातला वापरायला हरकत नाही, फक्त तो आपल्या काट्याशी जुळतो की नाही हे पाच किलो साखरेच्या पिशवीने पडताळून घ्यावे. आणि धार लावलेली ड्रिलची दोन पाती पिशवीत असू द्यावीत.